पुरेशी निद्रा : आरोग्याचा दुर्लक्षित आधारस्तंभ

भाद्रपद सरत आला की आदिलाबाद जिल्ह्यातील जंगलालगतच्या शिवारांत जागल सुरू होते. ज्वारी-मक्याची कणसे भरू लागलेली असतात, सोयाबीन काढणीला येत असते आणि अंधार पडताच रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. मचाणावर किंवा बांधावरच्या खोपटात बसून, शेकोटी पेटवून, डबे वाजवून आणि हाकारे देऊन शेतकरी रात्र काढतो. उजाडताच तोच पुन्हा कामाला लागतो. हा क्रम एखाद-दुसऱ्या रात्रीचा नसून पीक घरात येईपर्यंत चालतो. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतही हेच चित्र दिसते. डुकरांनी किती पीक नासले याचा पंचनामा होऊ शकतो, परंतु त्या दोन महिन्यांत माणसाची किती झोप बुडाली याची नोंद कोठेही होत नाही. घरातही तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

झोप म्हणजे काम संपल्यावर उरलेला वेळ, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. कष्टाळू माणसाचे वर्णन करताना तो किती कमी झोपतो हे आपण कौतुकाने सांगतो. वास्तविक आपल्या परंपरेने निद्रेला फार वरचे स्थान दिले आहे. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दुर्बलता, इतकेच नव्हे तर जीवन आणि मरणही निद्रेवर अवलंबून असल्याचे प्रतिपादन त्या ग्रंथात आढळते. आधुनिक वैद्यकशास्त्र निराळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाजवळ पोहोचले आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या आठ मूलभूत निकषांत झोपेचा समावेश केला. आहार, व्यायाम, तंबाखूपासून दूर राहणे, वजन, रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या पंक्तीत आज झोप बसली आहे.

झोपेत शरीर काय करते?

झोपलेले शरीर निष्क्रिय असते, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडीत निघाला. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, झोपेच्या विशिष्ट टप्प्यांत मिटलेल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलतात आणि त्या वेळी मेंदू जवळपास जागृतावस्थेइतका क्रियाशील असतो. बहुतेक स्पष्ट स्वप्ने याच टप्प्यात पडतात. त्याखेरीज हलकी झोप आणि गाढ झोप असे टप्पे असतात. हे सारे मिळून सुमारे दीड तासाचे एक आवर्तन होते आणि रात्रभरात अशी चार ते सहा आवर्तने पूर्ण होतात.

प्रत्येक टप्प्याचे कार्य वेगळे आहे. पूर्वरात्री गाढ झोपेचे प्रमाण अधिक असते. त्या काळात रक्तदाब उतरतो, हृदयाला विसावा मिळतो, वाढीसाठी आणि ऊतींच्या दुरुस्तीसाठी लागणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. उत्तररात्री स्वप्नांची झोप वाढते. दिवसभरात शिकलेल्या गोष्टी स्मरणात पक्क्या करण्याचे काम झोपेच्या या टप्प्यांत होते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेले पाठांतर सकाळी दगा देते. पहाटे तीनला उठणारा विद्यार्थी आणि मध्यरात्रीपर्यंत जागणारा शेतकरी हे दोघेही काही तास गमावतात; मात्र झोपेचा कोणता भाग गमावला, यानुसार परिणामांत फरक पडतो.

झोप केव्हा यावी हे दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे जागेपणी मेंदूत साचत जाणारे ॲडेनोसिन हे द्रव्य. ते जितके साचते तितकी झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याचा परिणाम तात्पुरता रोखते, म्हणून तरतरी वाटते, परंतु साचलेली थकावट तशीच राहते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ. उजेड आणि अंधार यांच्या आधारे ते चालते. अंधार पडल्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर निजेसाठी तयार होते. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री जागून दिवसा भरपूर झोपले तरी ताजेतवाने का वाटत नाही, याचे उत्तर या घड्याळात आहे. दिवसाची झोप उजेड, उष्णता आणि गलबला यांमुळे तुटक होते आणि शरीराचे घड्याळही त्या वेळी जागेपणाचीच खूण देत असते.

किती झोप पुरेशी?

अमेरिकेतील निद्राविषयक वैद्यकीय संस्थांनी २०१५ आणि २०१६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन वयोमानानुसार झोपेचे तास सुचवले. प्रौढ व्यक्तीला रोज किमान सात तास झोप हवी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना ८ ते १० तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तीन ते पाच वर्षांच्या बालकांना १० ते १३ तास, एक ते दोन वर्षांच्या बालकांना ११ ते १४ तास आणि चार महिने ते एक वर्षाच्या तान्ह्यांना १२ ते १६ तास झोप आवश्यक मानली आहे. लहान मुलांच्या बाबतीत दिवसाची डुलकी या तासांत धरलेली आहे.

तासांइतकाच तिचा दर्जाही महत्त्वाचा आहे. सात तास अंथरुणात पडूनही वारंवार जाग येत असेल, सकाळी डोके जड राहत असेल किंवा दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, तर ती झोप पुरेशी झाली असे म्हणता येत नाही.

अपुऱ्या झोपेची किंमत

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले. तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता लक्षणीय घटली. अपुऱ्या झोपेने भूक शमवणारे संप्रेरक कमी होते आणि भूक वाढवणारे वाढते, असेही पुढील संशोधनात दिसून आले. जागरणानंतर गोड आणि तळलेले पदार्थ खावेसे वाटण्यामागे हेही एक कारण आहे. दीर्घकाळ कमी झोपणाऱ्यांत स्थूलता, मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि नैराश्य यांचे प्रमाण अधिक आढळते. रोगप्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चारपटींहून अधिक असल्याचे आढळले.

रात्रपाळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले आणि २०१९ च्या फेरआढाव्यातही हे वर्गीकरण कायम राखले. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातील मंचिर्याल, मंदमर्री, बेल्लमपल्ली या कोळसापट्ट्यात सिंगरेणीच्या खाणकामगारांच्या पिढ्या पाळ्यांमध्ये काम करत आल्या आहेत. रुग्णालयांतील परिचारिका, पोलीस आणि रेल्वे कर्मचारी यांचीही स्थिती तीच आहे. पाळी बदलली म्हणजे झोपही आपोआप बदलते, असे मानून चालणार नाही. दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी घरात अंधार आणि शांतता ठेवणे ही कुटुंबाची जबाबदारी ठरते.

सवय होते, हा भ्रम

“मला चार-पाच तास पुरतात, सवय झाली आहे,” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी या समजुतीची परीक्षा घेतली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात काही जणांना दोन आठवडे रोज सहा तास, तर काहींना चार तास झोपू दिले. त्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाची गती दिवसागणिक ढासळत गेली. ही घसरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीपर्यंत जाऊ शकते असे आढळले. अधिक चिंताजनक बाब अशी की, आपली क्षमता इतकी घटली आहे याची त्यांना स्वतःला फारशी जाणीव नव्हती. अपुऱ्या झोपेची सवय झाल्यासारखे वाटते, परंतु हानी वाढतच राहते. झोप पुरेशी आहे की नाही, याविषयी निजेने पेंगुळलेल्या माणसाचे स्वतःचे मत विश्वासार्ह नसते.

हे अज्ञान रस्त्यावर जीवघेणे ठरते. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घटते, असे १९९७ च्या एका संशोधनात दिसून आले. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क, म्हणजेच ०.०३ टक्क्यांहून अधिक, आढळल्यास वाहन चालवणे गुन्हा आहे. याचा अर्थ पहाटे पाचला उठून रात्री दहानंतर मोटारसायकलवरून गावी निघालेला माणूस, मद्याला स्पर्शही न करता, कायद्याने निषिद्ध मानलेल्या अवस्थेहून वाईट स्थितीत असू शकतो. नागपूर-हैदराबाद वाहतूक वाहून नेणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यातूनच जातो. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी दोन ते चार या वेळांत चालकाला डुलकी लागण्याचा धोका सर्वाधिक असतो. खिडकी उघडणे किंवा गाणी लावणे हे उपाय फार काळ टिकत नाहीत. सुरक्षित ठिकाणी थांबून वीस मिनिटे झोपणे हाच खरा उपाय आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. पौष अमावास्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेत मेस्राम कुळातील गोंड बांधव रात्री महापूजा करतात. आपल्याकडे महाशिवरात्र, कोजागरी आणि जागरण-गोंधळ आहेत. निरोगी माणसाला अशा एखाद्या रात्रीची भरपाई पुढील एक-दोन रात्रींत बऱ्याच अंशी करता येते. शरीर पोखरते ते आठवडेन्‌ आठवडे रोज दोन-तीन तास कमी पडणाऱ्या झोपेने. ही उधारी रविवारी एकदाच उशिरा उठून फिटत नाही.

वीज आणि शेतकऱ्याची रात्र

झोप बुडण्यामागे प्रत्येक वेळी वैयक्तिक बेफिकिरी असते असे नाही. कृषिपंपांना वीज रात्रीच मिळत असेल, तर शेतकऱ्याने झोपेचे कितीही महत्त्व जाणले तरी त्याला पाणी देण्यासाठी उठावेच लागते. ओल्या शेतात, अंधारात, साप आणि वन्यप्राण्यांच्या भीतीत केलेले हे काम अनेकांच्या जिवावर बेतले आहे. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्याचे धोरण अमलात आले. महाराष्ट्रात कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी ही मागणी दीर्घकाळ लावून धरली गेली आणि त्या दृष्टीने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली. दिवसाच्या विजेची चर्चा उत्पादन आणि अनुदान यांच्या भाषेत होते. ती आरोग्याच्या भाषेतही व्हायला हवी, कारण दिवसा मिळणारी वीज शेतकऱ्याला त्याची रात्र परत देते.

उन्हाळा, जमिनीवरची झोप आणि मण्यार

झोप लागण्यासाठी शरीराचे आंतरिक तापमान किंचित उतरावे लागते. आदिलाबाद हा तेलंगणातील अत्यंत उष्ण जिल्ह्यांपैकी एक आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताखाली रात्रीही उकाडा उतरत नाही. निजण्यापूर्वी कोमट किंवा साध्या पाण्याने स्नान, सुती अंथरूण, सायंकाळी छतावर पाणी शिंपडणे आणि वारा आरपार वाहील अशी व्यवस्था यांचा उपयोग होतो. रात्री लहान होतात तेव्हा दुपारची विश्रांती गैर नाही. चरकानेही एरवी दिवसा झोपण्यास मनाई करून ग्रीष्म ऋतूत, तसेच श्रमाने आणि जागरणाने थकलेल्यांना, तशी मुभा दिली आहे.

गारव्यासाठी अंगणात, गच्चीवर किंवा जमिनीवर झोपताना, आणि विशेषतः पावसाळ्यात, एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना दंश करतो. हा दंश अनेकदा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे किंवा गिळता न येणे ही लक्षणे दिसली, तर ते अपचन समजून वेळ दवडू नये; रुग्णाला ताबडतोब सर्पविषप्रतिबंधक लस उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात न्यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचणे हा साधा उपाय सापापासून, तसेच हिवतापाच्या डासांपासूनही रक्षण करतो. शेतातल्या खोपटातही तो करता येतो.

चिंता, ताडी आणि गोळ्या

कर्ज, पावसाची ओढ आणि पडलेले भाव यांनी उडालेली झोप ही निराळी बाब आहे. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे अथवा मधेच मोडणे आणि हे तीन महिने चालू राहणे, याला वैद्यक दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक मंदावणे, कशातच मन न रमणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. घरातील कर्ता माणूस रात्र-रात्र छताकडे पाहत पडून राहत असेल, तर कुटुंबाने त्याची विचारपूस करावी आणि त्याला डॉक्टरकडे न्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

झोप यावी म्हणून दारू घेणे हा उपाय फसवा आहे. मद्याने डोळा लवकर लागतो, परंतु उत्तररात्री झोप मोडते आणि घोरणे वाढते. तेलंगणात भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलम यांसारखी गुंगी आणणारी रसायने मिसळल्याची प्रकरणे वेळोवेळी उघडकीस आली आहेत. अशी ताडी एकाएकी बंद केल्यास निद्रानाश, भ्रम आणि झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. झोपेच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दीर्घकालीन निद्रानाशावर सवयी आणि विचारपद्धती बदलणारी समुपदेशनाची उपचारपद्धती प्रथम वापरावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. जोराने घोरणाऱ्या व्यक्तीचा श्वास झोपेत मधेमधे अडखळत असेल आणि दिवसा तिला सतत पेंग येत असेल, तर तो निद्राश्वसनरोध असू शकतो. त्याची तपासणी करून घ्यावी.

जागल टळत नसेल तर

पीक राखणे सोडा, असे शेतकऱ्याला सांगणे व्यर्थ आहे. जागलीची आखणी मात्र करता येते. शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून रात्र दोन भागांत वाटून घ्यावी. एकाने मध्यरात्रीनंतर एकपर्यंत आणि दुसऱ्याने तेथून पहाटेपर्यंत जागावे. पाळी शक्यतो रोज बदलू नये, म्हणजे प्रत्येकाला रात्रीची सलग चार-पाच तासांची झोप ठरलेल्या वेळी मिळेल. उरलेली झोप दुपारी अंधाऱ्या खोलीत पूर्ण करून दिवसाची बेरीज सात तासांवर न्यावी. पूर्ण रात्र जागल्यावर त्या सकाळी फवारणी, मळणीयंत्र आणि लांबचा प्रवास टाळावा. कापूस घेऊन आदिलाबादच्या बाजारात निघताना आदल्या रात्री जागलीवर असलेल्याने गाडी चालवू नये.

इतरांसाठीचे नियम साधे आहेत. निजण्याची आणि उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही सारखी ठेवावी. सकाळी उजेडात थोडा वेळ काढावा. कॅफिनचा प्रभाव अर्ध्यावर यायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून दुपारनंतर चहा टाळावा. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा आणि मुलांच्या खोलीत तो नसावाच. वीस मिनिटांत झोप न लागल्यास कूस बदलत राहण्यापेक्षा उठून मंद उजेडात शांत बसावे आणि डोळे जडावल्यावरच अंथरुणात जावे. घरात सर्वांत आधी उठून सर्वांत शेवटी निजणारी स्त्री असेल, तर कामाची वाटणी बदलल्याखेरीज यांतला कोणताही नियम तिच्या उपयोगाचा नाही.

पिकाच्या राखणीसाठी आपण पाळ्या लावतो, कुंपण घालतो, एकमेकांना हाक देतो. राखणाऱ्याची झोपही तितक्याच काळजीने राखली, तर हंगाम सरल्यावर पिकाबरोबर तोही धडधाकट घरी येईल.